कोल्हापूरला पाठवलेला फोटो कुठनं जातो?

गेल्या गणपतीत गावाकडं होतो. आमचं गाव बेळगाव तालुक्यात, शिनोळीच्या अलीकडं, म्हंजे शेताचा पलीकडचा बांध ओलांडला की महाराष्ट्र. गौरी बसल्या तसं आज्जीनं मला फोटो काढायला लावला आणि "तुज्या आत्याला धाड" म्हणाली. आत्या कोल्हापूरला असते. मी धाडला, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत आत्याचा फोन, "आई, यंदा कुठली साडी नेसवलीस गौरीला, लई झाक दिसतीय!" फोन ठेवल्यावर आज्जी माझ्याकडं बघत बसली. "एवढं बेगीन कसं काय पोचलं रे? वायर तर कुटं दिसंना." म्हटलं टॉवरवरनं जातंय आज्जी. "टॉवरवरनं कोल्हापूर दिसतंय व्हय?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. टॉवरवरनं कोल्हापूर दिसत नाही, आणि आमच्या गावच्या टॉवरची रेंज तर चंदगडपर्यंतसुद्धा नाही. मग दोन दिवस तिला तुकड्यातुकड्यानं सांगत बसलो, तारेपासनं, म्हंजे टेलिग्रामपासनं सुरुवात केली कारण तार तिनं बघितलीय, तेच सगळं इथं लिहितोय.

आमचे थोरले काका मराठा रेजिमेंटला होते. आज्जी सांगते, पोस्टमन सायकलवरनं तार घेऊन आला की बायका दारातच मटकन खाली बसायच्या, काय लिहिलंय ते वाचायच्या आधीच. कारण तार फुकट कोण करत नव्हतं, शब्दावर पैसे, त्यामुळं चांगली बातमी पत्रानं आणि वाईट बातमी तारेनं. (काका सुट्टीवर येतोय एवढंच असायचं बऱ्याचदा, खरं तोपर्यंत घरातल्यांचा जीव जायचा.)

तारेच्या आधी जगात बहुतेक सगळी बातमी माणसाच्या, घोड्याच्या नाहीतर जहाजाच्या वेगानं जायची, कारण बातमी म्हंजे कागद आणि कागद कोणीतरी न्यायलाच पाहिजे. तारेनं बातमीला कागदापासनं सोडवलं. लांबच लांब वायर, एका टोकाला बॅटरी आणि बटण, दुसऱ्या टोकाला लोहचुंबक. इकडं बटण दाबलं की वायरीतनं करंट जातो आणि तिकडं टक् वाजतं, बास, वायरीतनं जाणारी गोष्ट तेवढीच, करंट आहे किंवा नाही. खरं थोडा वेळ दाबलं की टिंब आणि जास्त वेळ दाबलं की रेघ असं दोघांनी आधी ठरवून घेतलं तर त्यातनं सगळी अक्षरं बनवता येतात. सॅम्युअल मोर्सनं १८४४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन ते बाल्टिमोर असा संदेश धाडून दाखवला. आपल्याकडं विल्यम ओशॉनेसी म्हणून एक आयरिश डॉक्टर होता, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा, त्यानं तर १८३९ मध्येच कलकत्त्याजवळ वायर टांगून प्रयोग केलेले. १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी लाईन झाली आणि पुढच्या पाचेक वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडली गेली.

"दोघांनी आधी ठरवून घेतलं तर" हे शब्द लक्षात ठेवा. इंटरनेटची अर्धी गोष्ट त्यातच आहे.

वायर समुद्रातनं न्यायची म्हटल्यावर पाण्यात करंट गळतो, तर मलायाकडच्या झाडांचा गटापर्चा नावाचा चीक वायरीभोवती गुंडाळून ती अटलांटिकच्या तळाला टाकली, १८५८ साली. इंग्लंडच्या राणीचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे १६ तास लागले, आणि करंट जोरात जावा म्हणून एकानं नको एवढा व्होल्टेज लावला तर तीनेक आठवड्यात केबलच मेली. १८६६ ला पुन्हा टाकली ती टिकली. १८७० मध्ये मुंबई समुद्री केबलनं लंडनशी जोडली गेली, म्हंजे जहाजानं आठवडेच्या आठवडे लागणारी बातमी आता काही तासांवर. हे समुद्राखालचं प्रकरण आजसुद्धा तसंच चालू आहे, त्याच्याकडं येतोच.

आज्जीला तारेतली एक गोष्ट फार आवडली. लग्नाची, दिवाळीची शुभेच्छा तार करायची असली तर पूर्ण वाक्य धाडायला लागत नव्हतं. पोस्टात ठराविक वाक्यांचा तक्ता असायचा, प्रत्येक वाक्याला नंबर, आपण नंबर सांगायचा, वायरीतनं फक्त नंबर जायचा आणि तिकडचा तारवाला तक्ता बघून पूर्ण वाक्य लिहून द्यायचा. मी तिला म्हटलं, आता फोनमध्ये तू मराठी टाईप करतीस ना, तिथंही हेच चालतं, वाक्याऐवजी अक्षराला नंबर एवढाच फरक. युनिकोड नावाचा जगभरचा एकच तक्ता आहे, त्यात आपल्या 'क'चा नंबर २३२५ आणि 'म'चा २३५०. कन्नड 'क'चा नंबर ३२२१. दोन्ही 'क'मध्ये ८९६ चं अंतर, आणि 'म' घ्या, 'ग' घ्या, 'र' घ्या, मराठी अक्षर आणि त्याचं कन्नड भावंड यात बरोबर ८९६ चंच अंतर सापडतं. हे मुद्दाम आहे. भारतीय लिप्यांना कॉम्प्युटरसाठी नंबर दिले तेव्हा सगळ्यांची वर्णमाला एकच आहे हे धरून एकाच क्रमानं मांडल्या, प्रत्येक लिपीला १२८ नंबरांचं एक घर, आणि देवनागरीपासनं सात घरं पुढं गेलं की कन्नड. सात गुणिले १२८, करून बघा. आमच्याकडं पाट्यांच्या लिपीवरनं किती काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हा हिशोब पहिल्यांदा समजला तेव्हा मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडं बघत होतो.

आणि हा २३५० सुद्धा शेवटी करंट आहे-नाही अशाच खुणांनी जातो, एक आणि शून्य (अशी एक खूण म्हंजे बिट, आठ बिटांचा एक बाईट). २३५० म्हंजे १००१००१०१११०. मोर्सच्या बटणासारखंच, फक्त सेकंदाला कोट्यवधी वेळा. फोटोचं पण तेच, फोटो म्हंजे बारीक ठिपक्यांची रांगोळी, प्रत्येक ठिपक्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती याचे तीन आकडे. गौरीची साडी म्हंजे नुसते आकडे.

आता टेलिफोन. १८७६ ला ग्रॅहम बेलनं आवाजाची थरथरच करंटमध्ये बदलली, तिकडं करंटची परत थरथर केली की आवाज. आपल्याकडं १८८२ च्या जानेवारीत कलकत्ता, मुंबई, मद्रासला एक्सचेंज सुरू झाली. एक्सचेंज कशाला, तर शंभर लोकांना एकमेकांशी बोलायचं असेल आणि प्रत्येकाची प्रत्येकाला वेगळी वायर टाकायची म्हटली तर ४९५० वायरी लागतात, त्यापेक्षा सगळ्यांची एक एक वायर मधल्या एका खोलीत आणायची आणि तिथं बसलेल्या बाईनं याची वायर त्याला जोडायची. अमेरिकेत कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्राउजर म्हणून अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था पुरवणारा एक धंदेवाला होता, असं सांगतात की तिथली ऑपरेटर त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि स्ट्राउजरला आलेले कॉल ती नवऱ्याकडं जोडायची, वैतागून त्यानं बिनाऑपरेटरचं एक्सचेंजच बनवलं आणि १८९१ ला पेटंट घेतलं. गोल डायलवर ५ फिरवलं की करंट पाच वेळा तुटतो, तिकडचं यंत्र पाच घरं सरकतं. परत आहे-नाही!

खरं लांबच्या गावाला ट्रंक कॉल म्हंजे अजून माणसाच्याच हातात. बेळगावातनं मुंबईला बोलायचं तर नंबर बुक करायचा, ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग असे दर चढत जायचे, आणि वाट बघत बसायचं. एवढा वेळ का लागायचा? कारण फोन लागला म्हंजे या टोकापासनं त्या टोकापर्यंत तुमच्यासाठी एक पूर्ण वाट राखून ठेवायला लागायची. बेळगाव ते पुणे अशा वाटा मोजक्या, त्यातली एक तुम्हाला दिली की तुम्ही बोला नाहीतर गप्प बसा, ती तुमचीच, दुसऱ्याला मिळणार नाही. रिकामा रस्ता आहे, गाडी एकसुद्धा जात नाही, तरी गेट लावलेलं. आणि माणूस फोनवर निम्मा वेळ तरी गप्पच असतो, समोरच्याचं ऐकत.

आपल्या देशात पहिली एसटीडी, म्हंजे ऑपरेटरशिवाय आपणच डायल करून परगावी फोन, १९६० ला कानपूर-लखनौ. खेड्यात मात्र फोन म्हंजे पोस्टात एक नाहीतर पाटलाच्या घरात एक. हे ज्यानं बदललं त्यातलं एक पान आपल्या जिल्ह्यातलं आहे, आणि आपल्याकडच्याच कितीतरी लोकांना ते माहीत नाही. बेळगावहून धारवाडला जाताना लागतं ते राणी चन्नम्माचं कित्तूर, तिथं १९८६ मध्ये सी-डॉटचं पहिलं ग्रामीण ऑटोमॅटिक एक्सचेंज बसलं. सी-डॉट ही सरकारी संस्था १९८४ ला काढलेली, मागं टेलिकॉम इंजिनिअर सॅम पित्रोदा. परदेशी एक्सचेंज आपल्याकडं का टिकत नव्हती, तर त्यांना एसी लागायचा, धूळ चालायची नाही, आणि ती ज्या देशासाठी बनवलेली तिथं घरोघरी फोन, त्यामुळं एकेका फोनवर थोडेच कॉल, आपल्याकडं फोन कमी आणि एका फोनवर अख्खी गल्ली बोलणार, लोड कितीतरी जास्त. मग आपल्या पोरांनी १२८ लाईनचं, बिनाएसीचं, उन्हाळ्यात आणि धुळीत चालणारं एक्सचेंज बनवलं. धारवाडला जाताना कित्तूरचा फाटा आला की मी बरोबरच्या माणसाला हे सांगतोच.

त्यातनंच पुढं पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथं गावोगाव आली. मी कॉलेजला असताना रात्री उशिरा पाव रेट लागला की बूथबाहेर रांग, आत काचेच्या खोलीत कुणीतरी मोठ्यानं बोलतंय आणि सगळ्यांचं लक्ष त्या लाल आकड्याच्या मीटरकडं. बेळगावचा कोड ०८३१, गोव्याचा ०८३२, कोल्हापूरचा ०२३१. नीट बघा, शून्य म्हंजे गावाबाहेर जायचंय, मग पहिले आकडे कुठल्या भागात, पुढचे कुठल्या गावात, आणि शेवटी कुणाच्या घरात. एक्सचेंजला पूर्ण नंबर कळायची गरज नाही, पहिल्या आकड्यावरनं कुठल्या दिशेला ढकलायचं एवढं कळलं की झालं, पुढचं पुढचा बघेल. ही युक्ती इंटरनेटनं जशीच्या तशी उचलली.

इंटरनेटनं बदललं ते वाट राखून ठेवणं. साठच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस, दोघांना वेगवेगळं एकच सुचलं की सलग वाट कशाला पाहिजे, निरोपाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहा आणि द्या सोडून. तुकड्याला 'पॅकेट' हे नाव डेव्हिसनं दिलं. आज्जीला हे मी वऱ्हाडावरनं सांगितलं.

समजा बेळगावातनं कोल्हापूरला वऱ्हाड निघालंय, १४० माणसं. टेलिफोनची पद्धत म्हंजे बेळगाव ते कोल्हापूर हायवेची एक लेन सकाळपासनं बंद ठेवायची, आपल्या वऱ्हाडाशिवाय कोण येणार नाही. इंटरनेटची पद्धत म्हंजे प्रत्येक माणसाला वेगळी मोटारसायकल द्यायची, पाठीवर चिठ्ठी चिकटवायची, कुठनं आला, कुठं जायचंय आणि १४० पैकी कितवा नंबर. रस्ता कुणालाच माहीत नाही. खरं प्रत्येक नाक्यावर एक माणूस बसलाय, तो पाठीवरचा पत्ता वाचतो आणि फक्त पुढचा नाका कुठला तेवढं सांगतो. संकेश्वरचा म्हणतो निपाणीकडं जा. इतक्यात तवंदी घाटात ट्रक आडवा झाला, तर मागच्या नाक्यावरचा पुढच्यांना गडहिंग्लजकडनं पाठवतो, काही जण आधीच शिनोळी, नेसरीवरनं गेलेले असतात. रस्त्यावर दुसऱ्यांच्या गाड्या पण चालूच आहेत, कुणाचं अडत नाही. कार्यालयाच्या दारात पोचताना ९० नंबर आधी आणि १२ नंबर नंतर असं होतं, तर दारात एक कारभारी उभा असतो तो सगळ्यांना नंबरानं बसवतो. ४७ नंबर आलाच नाही, तर बेळगावला निरोप जातो, ४७ पोचला नाही. इथं वऱ्हाडाचा दाखला संपतो, कारण माणूस हरवला तर दुसरा तसाच आणता येत नाही, पॅकेट मात्र येतं, पाठवणाऱ्यानं पोच मिळेपर्यंत कॉपी ठेवलेली असते, तो ४७ परत धाडतो.

नाक्यावरचा माणूस म्हंजे राऊटर. पाठीवरच्या पत्त्याचा नियम म्हंजे आयपी. दारातला कारभारी आणि बेळगावात कॉपी सांभाळणारा, ह्या दोघांच्यातला नियम म्हंजे टीसीपी. हे नियम विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ ला मांडले. पॅकेट साधारण दीड हजार बाईटचं असतं, आणि व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करून पाठवतं, तो समजा दोन लाख बाईटचा झाला तर गौरीचे १४० च्या आसपास तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर अजून एक आकडा असतो, बऱ्याचदा ६४ पासनं सुरू होतो, प्रत्येक नाका त्यातनं एक वजा करतो, शून्य झालं की टाकून देतो. नाहीतर चुकलेलं पॅकेट दोन नाक्यांमध्ये जन्मभर फिरत बसलं असतं. मला ही बारीक काळजी फार आवडते.

पहिला प्रयोग झाला २९ ऑक्टोबर १९६९ ला, अमेरिकेच्या आर्पानेट नावाच्या नेटवर्कवर. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातनं 'लॉगिन' टाईप करायला घेतलं, एल गेला, ओ गेला, आणि तिकडचं मशीन बंद पडलं. पहिला निरोप 'एलओ' एवढाच. १ जानेवारी १९८३ ला त्या नेटवर्कवरच्या सगळ्यांनी टीसीपी-आयपी हेच नियम घ्यायचे ठरलं आणि तिथनं पुढं कुठलंही नेटवर्क, कुठल्याही कंपनीचं मशीन, हे नियम पाळलं की जोडलं जायला लागलं. इंटरनेट म्हंजे एखादी कंपनी नाही, एखादं मोठं मशीन नाही, कुठं मेन स्विच नाही. हजारो लोकांची वेगवेगळी नेटवर्कं आणि त्यांनी मान्य केलेले नियम, दोघांनी आधी ठरवून घेतलं तर ते हेच, दोघांच्या ऐवजी सगळ्यांनी.

नियम पहिल्या फटक्यात बरोबर निघाले असंही नाही. १९८६ ला, म्हंजे कित्तूरला एक्सचेंज बसलं त्याच वर्षी, कॅलिफोर्नियात चारेकशे यार्डावरच्या दोन जागांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरनं ४० बिटवर आला. कारण गर्दी झाली की पॅकेट हरवायची, हरवली की सगळे परत धाडायचे, त्यानं अजून गर्दी. विसर्जनाच्या रात्री गल्लीत सगळेच ढोलपथकवाले मागनं रेटायला लागले की काय होतं तसंच. व्हॅन जेकब्सननं उपाय काढला, सुरुवात हळू करायची, पोच मिळत गेली तसं वाढवत जायचं, पॅकेट हरवलं की समजायचं पुढं गर्दी आहे आणि आपणहून वेग कमी करायचा. वरनं कोण पोलिस नाही, प्रत्येकानं स्वतः मागं सरायचं. आज आपल्या खिशातला प्रत्येक फोन हे करत असतो.

आणखी एक कोडं, पाठीवरचा पत्ता आकड्यात असतो आणि आपण तर नाव टाईप करतो. आपल्या गावात नवीन माणूस पत्ता शोधतो तसं हे चालतं. बेळगावच्या स्टँडवर उतरून एकदम कुणाचं घर विचारलं तर कोण सांगणार, तो आधी विचारतो शहापूर कुठं, शहापुरात गेल्यावर विचारतो ही गल्ली कुठली, आणि गल्लीत गेल्यावर पानपट्टीवाला घर दाखवतो. वेबसाईटचं नाव असंच शेवटाकडनं वाचतात, 'डॉट इन' कोण सांभाळतं त्याला आधी विचारायचं, तो सांगतो हे नाव अमक्याकडं आहे, तो आकड्यातला पत्ता देतो. याला डीएनएस म्हणतात, १९८३ पासनं आहे. २०१४ पासनं नावाच्या शेवटी 'डॉट भारत' असं देवनागरीत पण लावता येतं. आणि वेब आणि इंटरनेट हे दोन वेगळे आहेत हेही इथंच सांगतो, इंटरनेट म्हंजे रस्ता, वेब म्हंजे त्यावरनं धावणारी एक एसटी, जी टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ला जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत सुचवली. ईमेल, व्हॉट्सअॅप ह्या त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या गाड्या.

आपल्याकडं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं, विदेश संचार निगमकडनं, टेलिफोनच्याच वायरीवरनं. ती वायर आवाजासाठी बनवलेली म्हणून मोडेम नावाचा डबा एक-शून्यचा आवाज करायचा, ते कीं कीं खर्रर्र ज्यांनी ऐकलंय त्यांना आठवेल. पुढं वेग वाढून सेकंदाला ५६ हजार बिट झाला, त्या हिशोबानं आजच्या फोनचा दोन एमबीचा एक फोटो जायला जवळजवळ पाच मिनिटं.

आता आज्जीचा मूळ प्रश्न, वायर दिसंना. वायर आहे, जमिनीखाली आहे. फोनपासनं टॉवरपर्यंत एखाद-दोन किलोमीटर तेवढं हवेतनं, रेडिओ लहरींनी. (हवेतनं निरोपाचं काम आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९५ ला कलकत्त्यात करून दाखवलेलं, त्यांनी वापरलेल्या मिलिमीटर लहरी आता फाइव्ह-जीत परत आल्यात.) टॉवरच्या बुडातनं, नाहीतर हवेतनंच आणखी एखाददुसऱ्या टॉवरवर उडी मारून, पुढं फायबर, म्हंजे काचेचा केसाहून बारीक धागा आणि त्यातनं उजेड लुकलुकतो, आहे-नाही, आहे-नाही. काच अशी असते की उजेड कडेला आपटून परत आतच वळतो. काचेतला मळ काढला तर उजेड लांबपर्यंत जाईल हे चार्ल्स काओंनी १९६६ ला सांगितलं, त्याचं नोबेल २००९ ला मिळालं. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, बेळगावहून बेंगळुरूचे पाचशे किलोमीटर म्हंजे एका सेकंदाचा चारशेवा भाग. रस्त्याच्या खोदाईत हा धागा तुटला की खानापूरकडची गावंच्या गावं दिवसभर गप्प होतात आणि लोक टॉवरकडं बघून बोलत बसतात.

लई लोकांना वाटतं नेट सॅटेलाईटवरनं येतं. देशादेशातलं ९५ टक्क्यांहून जास्त काम समुद्राच्या तळाच्या केबलीच करतात. खोल समुद्रात केबल केवढी, बारीक उसाच्या कांड्याएवढी. आपल्याकडं ती मुंबई, चेन्नई, कोची अशा ठिकाणी किनाऱ्याला लागते. २००८ च्या जानेवारीत इजिप्तजवळ केबली तुटल्या तर भारतातलं नेट हळू झालेलं.

सीमेवर राहणाऱ्याला एक गोष्ट वेगळी कळते. टॉवरला सीमा माहीत नसते, खरं कंपनीच्या हिशोबाला असते. आमचं घर कर्नाटक सर्कलमध्ये (सर्कल म्हंजे मोबाईल कंपन्यांचा विभाग), विहिरीजवळ गेलं की फोन शिनोळीकडचा टॉवर पकडायचा, महाराष्ट्र सर्कल, लगेच स्वागताचा मेसेज आणि येणाऱ्या कॉलला पण पैसे. आमच्या वडलांचा बॅलन्स एकदा मोटर चालू करायला गेले आणि आत्याशी बोलले तेवढ्यात संपला, कंपनीला फोन केला तर तुम्ही राज्याबाहेर होता म्हणाले. स्वतःच्या विहिरीवर. १५ जून २०१५ पासनं बीएसएनएलनं रोमिंगमध्ये येणारे कॉल देशभर फुकट केले, पुढं बाकीचेही आले, तेव्हा कुठं वडील विहिरीवर फोन घेऊन जायला लागले. पॅकेटला हा त्रास कधीच नव्हता. उलट त्याची वाट कधीकधी भलतीच लांब, २००३ ला देशात निक्सी नावाची देवाणघेवाणीची केंद्रं निघायच्या आधी दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट असलं तर बेळगावचा मेल कोल्हापूरला जाताना अमेरिकेला वळसा घालून यायचा, कारण दोन्ही कंपन्या भेटायच्याच तिकडं. आता तो वळसा देशातल्या देशात पडतो.

हे सगळं ऐकून आज्जीनं एकच विचारलं, "मग पोचलं हे कसं कळतं रे आपल्याला?" मी फोन उघडून दाखवलं. एक टिक आली म्हंजे फोटो आपल्याकडनं व्हॉट्सअॅपच्या मशीनपर्यंत गेला. आत्याचा फोन बंद असला तर तिथंच थांबतो, फोन चालू झाला की पुढं जातो आणि आत्याचा फोन आपणहून पोच धाडतो, तेव्हा दुसरी टिक. आत्यानं उघडून बघितला की निळ्या.

परवा तिनं घरच्या नवीन वासराचा फोटो स्वतः धाडला. धाकट्या काकांनी विचारलं, गेला काय गं? तर फोन लांब धरून बघितलं आणि म्हणाली, "एकच टिक हाय. कोल्हापुरात लाईट गेली असंल, फोन चार्ज नसंल तिचा. मशीनजवळ थांबलाय, जाईल."